तुम्ही विचारलंत म्हणून : पेटलेलं पाणी चांगलं की वाईट?

थंडी पडली की माझा फोन वाजायला लागतो. देवबागला नाहीतर जुहूला कुणीतरी रात्री निळ्या लाटांचा व्हिडिओ काढतं, तो फिरत फिरत माझ्याकडे येतो आणि खाली प्रश्न असतो, "हे चांगलं की वाईट?" मागोमाग दुसरा, "मासे यानेच गेले ना?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. मी प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मोजते, म्हणजे उत्तर खिशात असणार. एकदा होतं खिशात.

चमकतो तो नॉक्टिल्युका. एकच पेशी, पण रव्याच्या कणीएवढी. ओंजळीत घेतलीत तर नुसत्या डोळ्यांना दिसते. विषारी नाही. पण तारली ज्या डायटमवर, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळावर, पोसते ते तो खातो, आणि त्याला खाणारे जेलीफिश, साल्प असले मोजकेच. उत्तर अरबी समुद्रातल्या हिरव्या जातीच्या पोटात सूक्ष्म शेवाळ राहतं, आणि ऑक्सिजन कमी असलेलं पाणी त्या जोडीला मानवतं. हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस या समुद्रशास्त्रज्ञांनी हे २०१४ मध्ये मांडलं. पुढे २०२० मध्ये त्याची दोरी हिमालयापर्यंत नेली : बर्फ घटला, हिवाळी वारे उबदार नि दमट झाले, वरचं पाणी पूर्वीसारखं ढवळलं जाईना, डायटमला खत मिळेना.

सुंदर साखळी. मी हीच घेऊन त्या सभेत उभी राहिले होते.

सभा रापणकरांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांची, होती. तक्रार जुनीच, पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्याने थवाच्या थवा घेरणारे, आणि एलईडी लावून मासेमारी करणाऱ्या बोटी. माझे काका पुढच्या रांगेत. त्यांनीच मला बोलवायला लावलं होतं, "आमची पोरगी शिकलेली आसा" म्हणून. मी पडद्यावर नकाशे दाखवले, ऑक्सिजन दाखवला, आणि शेवटी कुणीतरी विचारलं, मग मासळी का घटली? मी म्हणाले, "समुद्रच बदललाय." तीन सेकंदांचं उत्तर. टेबलामागच्या साहेबांनी ते वहीत उतरवून घेतलं. समारोपात तेच वाचलं गेलं : तज्ज्ञांच्या मते मूळ कारण हवामानबदल, तेव्हा बोटींना दोष देण्यात अर्थ नाही. मागे बसलेल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. कुणी, ते सांगायला नको. मी उठून "मी असं म्हटलं नाही" म्हणायला हवं होतं. मी पेनड्राइव्ह शोधत होते.

बाहेर काका चपला घालत म्हणाले, "बरा कारण दिलंस गो त्येंका." एवढंच.

मी खोटं बोलले नव्हते, हे आजही सांगते. पण माझी साखळी खुल्या समुद्राची होती आणि मी ती ओढून आमच्या किनाऱ्यावर आणून बांधली. पश्चिम अरबी समुद्रात वनस्पती प्लवक वाढतंय असं २००५ मध्ये सांगितलं होतं, तेही गोएस यांच्याच गटाने. पुण्याच्या रॉक्सी कोल यांनी २०१६ मध्ये पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घट सांगितली. दोन्ही मला पाठ होतं. सभेत यातलं एक बोलले, एक गिळलं. रापण लागते त्या पाण्याचं माझ्याकडे काय होतं? महिन्यातून एकदा भरलेल्या बाटल्या. त्यात १ जून ते ३१ जुलै बोटी बंद, म्हणजे खालचं कमी ऑक्सिजनचं पाणी जेव्हा वर सरकायला लागतं तेव्हाच माझी वही कोरी. शहराचं सांडपाणी किती, तापमान किती, बोटी किती, हे मी कधी वेगळं काढलंच नव्हतं. अजूनही पुरतं काढता आलेलं नाही. आणि तरी, नुसत्या बोटींनी हे सगळं झालं असंही मला म्हणवत नाही. काकांपुढेसुद्धा नाही.

आता एक गोष्ट, जी व्हिडिओ पाठवणाऱ्यांना ठाऊक नाही. माझे चांगले नमुने सगळे काकांमुळे मिळालेले. काळोखी रात्र असली की त्यांचा फोन यायचा, "पाणी पेटलाहा, येतंस?" आणि मी बाटल्या घेऊन धावायचे. त्या हिवाळ्यात एकही फोन आला नाही. मीही केला नाही.

परवा एका विद्यार्थिनीने माझा जुना आलेख पाहिला आणि त्या वर्षावर बोट ठेवून विचारलं, "मॅडम, या वर्षी पाणी चमकलंच नव्हतं का?"