खऱ्या ज्युनोसारखा वाजतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या मोठ्या कीबोर्डच्या डोक्यावर रोलँड कंपनीचा तो छोटा जेयू-06ए (त्यांच्याच जुन्या ज्युनो सिंथेसायझरची नवी डिजिटल नक्कल) ठेवलेला दिसला की कार्यक्रम संपल्यावर कुणीतरी वादक येतोच. पहिला प्रश्न, हा खऱ्या ज्युनोसारखा वाजतो का? दुसरा, थोडा खाजगी आवाजात, असले टोन तुमच्या मोठ्या वर्कस्टेशन कीबोर्डमध्ये आहेतच की, मग याच्यावर पैसे कशाला घातले?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वाजतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि दोन गायकांच्या गदारोळात कुणी फरक ओळखून दाखवला तर त्या रात्रीचं मानधन त्याचं. पण या प्रश्नाच्या पोटात एक समजूत असते, की जुना ज्युनो म्हणजे अस्सल ॲनालॉग, थेट विजेच्या सर्किटमधून वाजणारा, आणि नवा म्हणजे डिजिटल, आकडेमोडीने केलेली नक्कल. ती मला पटत नाही.

ज्युनो-60 आला 1982 मध्ये आणि ज्युनो-106 आला 1984 मध्ये. त्याआधी, 1981 मध्ये, रोलँडचा ज्युपिटर-8 आला होता. आठ सूर एकदम, प्रत्येक सुराला दोन ऑसिलेटर (मूळ लहर काढणारे भाग), आणि किंमत बड्यांनाच परवडेल अशी. आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये रागांची जी इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड केली ती याच ज्युपिटर-8 वर, जोडीला टीबी-303 हे बेसचं आणि टीआर-808 हे तालाचं यंत्र. ज्युनो हा त्या घरातला स्वस्त धाकटा. सहा सूर, आणि प्रत्येक सुराला एकच ऑसिलेटर.

त्या काळच्या ऑसिलेटरचा सूर व्होल्टेजवर ठरायचा आणि तापमान बदललं की तो सरकायचा. स्टेजवरचे हॅलोजन तापले की सिंथ पुन्हा सुरात आणत बसायचं. ज्युनोत रोलँडने यावर तोडगा काढला. सुराची वेळ डिजिटल घड्याळाने मोजायची आणि लहर तेवढी ॲनालॉग सर्किटमधून काढायची. म्हणजे आज ज्याला अस्सल म्हणून हार घालतात, त्याचा सूर 1982 मध्येही डिजिटल घड्याळाच्याच तालावर चालत होता. आणि म्हणूनच तो सुरात राहायचा!

एकाच ऑसिलेटरमुळे आवाज मात्र बारीक पडायचा. तो भरायला कोरस दिला. मूळ आवाजाची प्रत काढायची, ती काही मिलिसेकंद मागे ठेवायची, ते अंतर हळूहळू कमीजास्त करत राहायचं, आणि डाव्या-उजव्या बाजूला उलट दिशेने हलवायचं. खर्ज-नर-नर पेटीतले दोन नर केसभर वेगळे लावले की जो भरीवपणा येतो, त्याच जातीचं काम. फक्त कोरसच्या त्या चिपा खसखसायच्या. कोरस चालू केला की मागे बारीक ‘श्श्श’ ऐकू यायचं. आज काही सॉफ्टवेअर नकलांमध्ये ती खसखस मुद्दाम घालतात. याला हौस म्हणायचं की आणखी काही, तुम्हीच ठरवा.

“मग सेकंडहँड खराच का नाही घेतला?” असंही विचारतात. एका मित्राकडे 106 आहे. त्यावर एकच पट्टी सारखी दाबत राहा. पाच वेळा स्वच्छ वाजते, सहाव्यांदा कर्रर्र होऊन विझते, पुन्हा पाच वेळा स्वच्छ. कारण 106 सहा सुरांची सहा सर्किटं आळीपाळीने वापरतो, आणि त्यातल्या एकाची चिप गेलेली आहे. ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून मशीन चालू केलं की कुठला सूर वाजतोय त्याचा आकडा डिस्प्लेवर दिसतो, रोगी सापडतो. या चिपांवर काळं इपॉक्सी चढवलेलं आहे. वर्षानुवर्षांनी ते बिघडतं आणि नको तिथून करंट झिरपायला लागतो. उपाय म्हणजे चिप काढायची, ॲसिटोनमध्ये भिजवायची, लेप खरवडायचा आणि परत डाखायची, नाहीतर नव्या बनावटीची बसवायची. एक झाली की उरलेल्या पाच रांगेत असतातच. हे निगुतीने करणारा कारीगर तुमच्या गावात असेल तर जरूर घ्या. मला उद्या संध्याकाळी कार्यक्रम असतो.

आता दुसरा प्रश्न, तोच खरा. आपण कीबोर्ड कसा वाजवतो? पेनड्राइव्हवरून टोन भरून आणतो, गाण्यागणिक पॅच, म्हणजे तयार आवाज, लावतो, एकातून दुसऱ्यात उडी मारतो. टोन ज्याने बनवला तो वेगळा, वाजवणारा वेगळा. ही सवय यामाहाच्या डीएक्स7 या सिंथपासून, म्हणजे 1983 पासून, जगभर पक्की झाली. त्याच्या तोंडावर नुसती बटणं आणि आकडे सरकवायला एक स्लायडर. आत काय चाललंय ते दिसायचं नाही, म्हणून बहुतेकांनी आतले तयार आवाजच वाजवले.

ज्युनोची पाटी याच्या बरोबर उलटी, आणि 06ए ने ती जशीच्या तशी उचलली आहे. डावीकडून सुरुवात करा. एलएफओ (आवाज झुलवणारी संथ लहर), ऑसिलेटर, फिल्टर (आवाजाची धार कमीजास्त करणारा), मग एनव्हलप (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा), शेवटी कोरस. एका कामाला एक स्लायडर. सॉ लहर (करवतीच्या दात्यांसारखी) घ्या, कोरसचं पहिलं बटण दाबा, एक कॉर्ड धरून ठेवा आणि फिल्टरचा स्लायडर तळाला नेऊन सावकाश वर आणा. बंद खोलीतला आवाज दार उघडत अंगणात येतो. रेझोनन्स (फिल्टरच्या काठावरचा उठाव) थोडा वाढवून परत करा, तोच आवाज नाकातून बोलायला लागतो. गायक आलाप लांबवतोय हे बघून मी हा स्लायडर हलवतो, तो थांबला की मीही थांबतो. पॅच बदलून हे होत नाही, आणि पैसे यासाठी घातले. आत चिप आहे की प्रोसेसर, हे त्या क्षणी माझ्या बोटांना विचारायला सवड नसते.

खोट आहे, आणि ती दुकानात आपणहून कुणी सांगणार नाही. सूर चारच. मूळच्या सर्किटमधला एकेक भाग कसा वागतो ते हा सतत मोजत असतो, बहुधा त्यामुळेच. डाव्या हातात खर्ज, उजव्यात तीन सुरांची कॉर्ड, संपलं. पुढची कॉर्ड धरली की मागची शेपटी कापली जाते, आणि लांब रिलीजच्या, म्हणजे पट्टी सोडल्यावरही रेंगाळणाऱ्या, भरीव पॅड आवाजांत ते चांगलंच बोचतं. मी खर्ज मोठ्या कीबोर्डवर ठेवतो, याच्यावर फक्त उजवा हात. स्लायडर बोटभरही नाहीत, जाड बोटांना दोन एकदम हलतात. पट्ट्या नाहीत, त्या वेगळ्या जोडाव्या लागतात किंवा दुसऱ्या कीबोर्डवरून मिडीची वायर ओढावी लागते.

आणि आउटपुट मोबाइलच्या हेडफोनसारख्या बारीक पिनचं. तुमच्या साउंडवाल्याकडे ती वायर नसणार. स्वतःची न्या, दोन न्या.