तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुढे का गेले

पॅराग्लायडिंगच्या एका स्पर्धेत माझ्यासमोर एक पायलट पडला आणि मी पुढे उडत गेले. "माणूस खाली पडलेला दिसत होता, तरी तुम्ही पुढे कशा गेलात?" लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारलंय, ऑफिसात विचारलंय, कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला आलेल्या मुलांनी तर दर मोसमात विचारलंय. दोन वाक्यांत उत्तर दिलं की ते वाईटच ऐकू येतं. म्हणून एकदा सगळं सांगते.

जागा बिलिंग, हिमाचल. टेक-ऑफ सुमारे 2400 मीटरवर, खाली बीडचं (हिमाचलमधलं बीड, मराठवाड्यातलं नव्हे) लँडिंग. ऑक्टोबरअखेरचे दिवस, पाऊस सरलेला, हवा कोरडी. त्या दिवसाचा टास्क, म्हणजे ठरवून दिलेला मार्ग, धौलाधार पर्वतरांगेच्या कडेकडेनं पश्चिमेला धरमशालेच्या वरपर्यंत आणि परत बीडला गोल, म्हणजे शर्यतीचा शेवट. नुसतं सरळ मोजलं तरी एका बाजूला चाळीसेक किलोमीटर. स्टार्ट एकदा उघडली की घड्याळ सगळ्यांचं एकदमच सुरू होतं, आणि गेलेलं मिनिट परत मिळत नाही. इथे गुण अंतराला असतात, वेळेलाही असतात आणि पुढे राहून वाट काढणाऱ्यालाही.

पालमपूरच्या वर न्यूगल खड्ड या ओढ्याची दरी ओलांडायची होती. दुपारचा दरीवारा वर चढायला लागला होता. पलीकडच्या सोंडेच्या आडोशाला हवा घुसळलेली असणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्यापुढे, थोडा खाली, एक पायलट होता. त्याच्या ग्लायडरची, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाची, डावी बाजू मिटली. असं होतं, रोज होतं, उघडतंही. त्याची उघडली नाही. दोऱ्यांत अडकली आणि तो त्याच बाजूला गरगरत खाली जाऊ लागला. मी मोठ्यानं "रिझर्व्ह, रिझर्व्ह" म्हणत होते, म्हणजे जादाचं पॅराशूट फेक. त्याला ऐकू जाणार नव्हतं, पण त्यानं फेकला. रिझर्व्ह पूर्ण उघडला, तरी माणूस सेकंदाला पाचएक मीटरनं खाली येतोच. तो उतारावरच्या बानच्या (ओकच्या) झाडीत शिरला.

मी वळले. हे कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम सांगते: मी वळले. सुरक्षेच्या फ्रीक्वेन्सीवर त्याची जागा अक्षांश-रेखांशासकट दोनदा वाचून दाखवली. उंची घालवत त्याच्यावर घिरट्या घातल्या. आधी फक्त कापड दिसत होतं. मग एक हात हलला. मग रेडिओवर त्याचा आवाज आला, अगदी शांत. "शुद्धीवर आहे. कमरेखाली फार दुखतंय. पाय हलवत नाहीये."

आयोजकांनी कळवलं की पथक निघालंय, हेलिकॉप्टरलाही विचारलंय, त्या जागेवरची हवा मोकळी ठेवा. माझ्याहून बराच उंच असलेला एक पायलट म्हणाला, मी वर थांबतो, नजर ठेवतो. मला विचारलं, तुझी उंची किती? मी सांगितली. "मग तू निघ."

मी निघाले. त्या झाडीत मीही अडकले असते तर पथकाला दोन माणसं शोधावी लागली असती. हे कारण आहे, सबब नव्हे. आमच्या खेळाचा नियमही तुम्ही समजता त्यापेक्षा बरा आहे: जखमी पायलटसाठी कुणी उतरलं, तर त्याचं नुकसान होऊ न देण्याचा अधिकार स्पर्धासंचालकाला असतो. म्हणजे गुण जातील म्हणून मी गेले, असं म्हणता येत नाही. आणि नेमकं म्हणूनच मला स्वतःलाही ते कारण पुढे करता येत नाही.

आता जे दोन वाक्यांत मावत नाही ते. दरीपलीकडे मला एक थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, मिळाला, घट्ट, सरळ वर नेणारा. ढगाच्या तळापर्यंत चढले आणि वेग वाढवणारा पायाखालचा स्पीडबार पूर्ण दाबला. पुढचा सगळा वेळ मी फार चांगली उडाले. त्या स्पर्धेत तेवढी चांगली दुसऱ्या कुठल्याच दिवशी उडाले नाही. विचारणाऱ्यांना ऐकायचं असतं की मी रडत रडत गोलला पोचले. तसं झालं नाही. हात स्थिर होते. डोक्यात पुढचा टर्नपॉइंट, म्हणजे मार्गावरचं वळण, होता, थर्मल दाखवणारी गिधाडं कुठे फिरताहेत ते होतं, आणि मधूनच तो शांत आवाज. तिन्ही एकत्र.

संध्याकाळी पथकानं आणि गावकऱ्यांनी त्याला स्ट्रेचरवर खाली आणलं. कमरेचं हाड मोडलं होतं. आज तो चालतो. तो म्हणतो, "मीही गेलो असतो." मला याचा आधार वाटत नाही. तोही स्पर्धकच.

माझ्या पुढून आणखी दोघे पायलट गेले. त्यांनी रिझर्व्ह उघडलेला पाहिला होता. त्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. बाई असून तू कशी गेलीस, हे अर्धं वाक्य तुम्ही गिळता, पण मला ते ऐकू येतं.

तरी सगळ्यात कडक बोलणारी तुम्ही नाही, मीच आहे, पूर्वीची मी, कामशेतला टॉवर हिल या टेकडीवरून उडणारी. चहाच्या टपरीवर मी ठासून सांगायचे की जो पुढे जातो तो पायलटच नव्हे. तिला काय सांगू? की तुझ्या टेकडीखाली सगळीकडे मोकळी शेतं होती, कुठेही पाय टेकता यायचे? ते खरं आहे. पण ती म्हणेल, मी जागेबद्दल बोलतच नव्हते. आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून पुन्हा विचाराल, तर "कशा गेलात" विचारू नका. तिथे उतरायला जागा होती का, ते विचारा. होती. झाडीच्या खालच्या अंगाला शेताची एक पायरी होती, अरुंद, कडेला दगडी बांध. घिरट्या घालताना मी ती पाहिली होती आणि माझ्या हातासाठी लहान ठरवली होती. माझ्याहून चांगल्या पायलटला ती कदाचित पुरली असती. तिथून वर झाडीपर्यंत चढायला, माझ्या अंदाजानं, अर्धा तास.