प्रार्थनेचा विषय

गुरुवारी सकाळी सव्वाआठला मेसेज आला : "ताई, मी आता गटात येणार नाही." बाकी काही नाही. कॉलेजातल्या ख्रिस्ती मुलामुलींचे बायबल अभ्यास गट सांभाळणं हे माझं काम. परीक्षा जवळ आली की असे मेसेज येतात. पण परीक्षा लांब होती, आणि ही मुलगी वसईहून येऊन एकही गुरुवार न चुकवणारी.

असली कारणं फोनवर निघत नाहीत. पहिलं लेक्चर संपल्यावर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर भेटलो. तिने मोबाइल पुढे केला. मागच्या गुरुवारी तिने गटात वडिलांच्या दारूबद्दल सांगितलं होतं. गटातल्या एका मुलाने तो प्रार्थनेचा विषय म्हणून आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, तिच्या नावासकट. फिरत फिरत तो तिच्या आत्याकडे पोचला. मेसेजच्या शेवटी हात जोडल्याच्या तीन खुणा होत्या.

अशा वेळी बायबलमधलं क्षमेचं वचन काढायचं नाही. ज्याचं दुखलंय त्यालाच आधी धडा दिल्यासारखं होतं. मी दोनच गोष्टी विचारल्या : घरी तुला कसली भीती नाही ना, आणि मी काय केलेलं तुला चालेल? पहिला प्रश्न कधीच वगळू नये. मारहाण होत असेल, कुणी जीव द्यायची भाषा करत असेल, तर गुप्तता बाजूला ठेवावी लागते. मग जबाबदार मोठं माणूस, डॉक्टर, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर. हा अपवाद गटाच्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवायचा, कारण ऐनवेळी सांगितला तर तो विश्वासघात वाटतो. इथे तशी वेळ नव्हती. ती एवढंच म्हणाली, "त्याला रागावू नका. पण ते सगळीकडून काढायला सांगा."

मुलगा नगरकडचा, हॉस्टेलवर राहणारा. जितके जास्त लोक प्रार्थना करतील तितकं बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. त्यातच तो वाढलेला. पण ताप आणि बापाचं व्यसन या एका यादीतल्या गोष्टी नाहीत. 'सर्वांसाठी डिलीट' साधारण अडीच दिवसच चालतं, इथे आठवडा उलटला होता. आणि पुढे गेलेल्या प्रती तशाही त्याने पुसल्या जात नाहीत. म्हणून कुणी कुणी पुढे पाठवला ते विचारत त्याने एकेकाला फोन लावले. अकरा फोन. मी शेजारी बसून होते, मध्ये बोलले नाही.

गट साडेतीनला, जवळच्या चर्चच्या मागच्या खोलीत. साडेचारला संपवतोच, पाच वाजून गेले की विरारवाल्यांना गाडीत शिरता येत नाही. सात जण आले होते. भाग आधीच ठरलेला होता : मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय ७, वचनं ३१ ते ३७, बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची गोष्ट. सात वचनं, सात जण, पाळीपाळीने वाचन. तेहेतिसावं वचन त्या मुलाच्या वाट्याला आलं. येशू त्या माणसाला गर्दीतून बाजूला, एकीकडे नेतो, तिथवर तो वाचत आला आणि थांबला.

गट चालवणारी मुलगी तिसऱ्या वर्षाची. शांतता झाली की पाचव्या सेकंदाला आपणच उत्तर देऊन टाकायची तिची सवय, आणि नव्या नेत्यांचे गट बहुतेक इथेच व्याख्यान होतात. त्या दिवशी ती पुस्तकात बोट धरून गप्प बसली. बऱ्याच वेळाने तोच मुलगा म्हणाला, "लोकांसमोर का नाही बरं केलं त्याला?" पहिल्या वर्षाची एक म्हणाली, "त्याला ऐकूच येत नव्हतं ना. गर्दीत घाबरला असता." मग कुणीतरी छत्तिसावं वचन दाखवलं : कुणाला सांगू नका म्हटलं, तरी लोक सांगत सुटले. वसईच्या मुलीचं नाव कुणी काढलं नाही.

प्रार्थनेची पद्धत त्याच दिवशी बदलली. सगळ्यांच्या एका गोलाऐवजी तीन-चार जणांत बसायचं; दोघांत नको, एक आला नाही की दुसरा एकटा पडतो. विषय लिहून घ्यायचा नाही. बाहेर न्यायचाच असेल तर ज्याचा त्याला विचारून आणि त्याच्याच शब्दांत. व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त वेळ, जागा आणि अध्याय.

ती अजून गटात आलेली नाही. मंगळवारी चर्चगेटला गाडीआधी दहा मिनिटं ती आणि गटातल्या दोघी भेटतात. काय बोलतात ते मी विचारत नाही.