सॅडलबॅगचे सैल पट्टे: लांबच्या प्रवासातल्या वाटेवरच्या दुरुस्त्या

या प्रवासात रस्ता तिन्ही तऱ्हांचा मिळाला. आधी गुळगुळीत डांबर, मग भर पावसातला घाट आणि शेवटी उखडलेली खडी. डांबरावर मोटरसायकलच्या मागे दोन्ही बाजूंना लटकवलेल्या कापडी सॅडलबॅगा जागच्या हलल्या नाहीत. घाट चढून थांबलो तर डावी बॅग चार बोटं खाली उतरलेली. पट्टा आवळला, निघालो, थोड्या वेळाने पुन्हा तेच.

नायलॉनची पट्टी पाणी पिते आणि ओली झाली की किंचित लांबते. पॉलिस्टरला हा त्रास जवळजवळ नाही, त्यामुळे पट्ट्या बदलायच्याच असतील तर पॉलिस्टरच्या घ्या. पण खरं कारण बॅगेचं हेलकावणं. प्रत्येक हेलकाव्याला पट्टीवरचा ताण क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात ती बकलमधून केसभर सरकते. खडीवर असे हेलकावे किती बसतात ते सांगायला नको. म्हणून नुसतं आवळत बसू नका, आधी बॅग हलायची थांबवा.

माझ्या बॅगेला खालच्या बाजूला पुढे एक कडी होती. तिच्यातून जादा पट्टा ओवून मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला ताणून बांधला आणि निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपला. हा पट्टा स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याला मात्र बांधू नका. चाकाबरोबर तोही वरखाली होतो, मग पट्टा कधी ताणतो, कधी लोंबतो. इंडिकेटरच्या दांडीला तर नकोच. लवचीक बंजी दोरीवरही मुख्य भार देऊ नये, ती ताणली जाते आणि बॅग झुलतच राहते.

आता बकल. पट्टीचं टोक बकलमधून काढल्यावर उलट वळवून पुन्हा त्याच दांडीखालून घाला, म्हणजे दुहेरी पट्टी आपल्याच दाबाने धरली जाते. तेवढी फट नसेल तर बकलच्या तोंडाशीच टोकाची सरकगाठ मारा. बकलचे दाते झिजून गुळगुळीत झाले असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा पट्टीबरोबर आत सरकवा, रबराची पकड चांगली बसते. त्याच ट्यूबचे आडवे काप काढले की रिंगा मिळतात. उरलेल्या टोकाची गुंडाळी करून ती या रिंगेत अडकवाच. लोंबतं टोक चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेलं तर चाक जाम होऊ शकतं, यात कसलीही हयगय नको. टोक फारच लांब असेल तर कापा, पण वीतभर ठेवा आणि कापलेली कड लायटरने वितळवून बंद करा. हे काम गाडीपासून, म्हणजे पेट्रोलपासून लांब जाऊन करायचं.

उजव्या बॅगेचा पट्टा शिवणीतच उसवला होता. तिथे दाभण आणि मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा कामी आला. आतून जाड कापडाचा तुकडा ठेवून चौकोनी शिवण घाला आणि चौकोनाच्या आत फुली मारा. एका ओळीत टाके घातले तर सगळा ओढा पहिल्या टाक्यावर येतो. सायलेन्सरकडच्या बाजूला पट्टी चकाकलेली, कडक झालेली दिसली तर ती उष्णतेने गेली आहे. शिवून उपयोग नाही, तेवढा तुकडा बदला आणि बॅग सायलेन्सरपासून लांब सरकवा.

सीटखालच्या वेल्क्रोत चिखल बसला की तो धरत नाही. वाळल्यावर जुन्या टूथब्रशने साफ करा.

सामान भरताना जड वस्तू तळाशी आणि पुढे, दोन्हीकडे वजन सारखं. भरून झाल्यावर गाडीवर बसून मागचा भाग दाबून बघा, बॅग टायरला टेकता कामा नये. निघाल्यावर अर्ध्या तासाने एकदा थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा, कारण तोवर सामान आत बसलेलं असतं. आणि पावसात नायलॉनची पट्टी करकचून आवळली असेल तर मुक्कामी पोहोचल्यावर ती ढिली करा. वाळताना ती आखडते आणि नुकत्याच घातलेल्या टाक्यांवर ओढा येतो.