वजनाला मगर कशाला?

घाना आणि आयव्हरी कोस्टमधल्या आकान लोकांच्या, सोन्याची पूड तोलायच्या वजनांबद्दल मी बोलायला लागले की एक प्रश्न ठरलेला: वजनच करायचं तर साधा ठोकळा पुरे, मासा, मगर, पक्षी घडवायचा खटाटोप कशाला? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठोकळे होतेच. १४०० च्या सुमारापासूनची जुनी वजनं बहुतेक भौमितिक आहेत, पायऱ्यापायऱ्यांची, रेघारेघांची. प्राणी आणि माणसं आली ती मुख्यतः १७०० नंतर. सगळे त्यांना ब्राँझची म्हणतात, पण बहुतेक पितळेची आहेत. हे पितळ आधी सहारा ओलांडून उंटांवरून यायचं, पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून.

तिथे सोन्याची पूड हाच पैसा. त्यामुळे व्यापाऱ्याच्या गाठोड्यात तराजू, चमचे, पितळी डब्या आणि स्वतःची वजनं असायचीच. अगदी लहान मापांपैकी एक म्हणजे 'डम्मा', लाल-काळ्या गुंजेची बी. मी सोनाराच्या घरात वाढले. आपली गुंज तिकडेही तराजूत पडायची, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं.

आता मगर. आकारावरून वजन कळत नसे. एकाच घडणीच्या दोन मगरी वेगवेगळ्या भाराच्या असू शकत. आपली कुठली किती भरते, ते मालकाला पाठ. देणारा आपल्या वजनांनी तोले, घेणारा आपल्या, आणि मग घासाघीस. मग आकार निव्वळ शोभेचा? मला नाही पटत. आकान बोलण्यात म्हणींना फार मान आहे, आणि कितीतरी वजनं म्हणजे हातात धरता येणारी म्हणच. दोन मगरी, पोट एकच, तरी घासासाठी भांडतायत. मान मागे वळवलेला पक्षी सांगतो, विसरलेलं परत जाऊन आणण्यात गैर काही नाही. पैशाच्या व्यवहारात दोघांच्या मध्ये अशी वस्तू ठेवणारा समाज मला फार शहाणा वाटतो.

माझं सगळ्यात लाडकं वजन भुईमुगाच्या शेंगेचं. एरवी मेणाची आकृती करून तिच्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पितळ ओतायचं. इथे मेणाऐवजी खरी शेंगच मातीत लिंपून जाळत. म्हणून टरफलावरची जाळी, मधली चिमटलेली कंबर, सगळं जसंच्या तसं उतरतं. भुंगे, टोळसुद्धा असेच ओतले आहेत. पण खरी शेंग थोडीच मापात बसणार! ओतीव जड भरली तर कानशीने घासायची, हलकी भरली तर शिसं भरायचं. प्राण्याचं शेपूट किंवा पायही कापत. काहींना ही वजनं बिघडलेली वाटतात. मला तीच जास्त मोलाची वाटतात, कारण त्यांना अचूक भरावं लागत होतं.

घानात आजही अशा आकृत्या ओततात, पण पर्यटकांसाठी. त्या मापात बसल्या काय, न बसल्या काय. जुनी वजनं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भरपूर आहेत. गेलात तर आधी घासलेली कड आणि शिशाचा ठिपका शोधा, नक्षी नंतर बघा.