पहाटे साडेपाचचं पाणी

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी किती चढलंय. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तर तासातासाचा आकडा फोनवर यायचा आणि अख्खं घर त्या आकड्याकडं बघत बसायचं. त्याच नदीत मे महिन्यात ऑक्सिजन किती आहे, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही. यंदाच्या उन्हाळ्यात मी तेच मोजत होते, म्हणून न विचारता लिहितेय.

मी एमएस्सी करते, पर्यावरणशास्त्रात. गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठचंच. आमच्या विभागात फेब्रुवारी ते मे नदीच्या पाण्याच्या तपासणीचं काम असतं. दोघादोघांची जोडी, थोडं मानधन आणि पेट्रोलचे पैसे. माझ्या जोडीला वर्गातली एक मैत्रीण होती, सांगलीच्या गावभागात राहणारी. आमच्याकडे कसबे डिग्रजपासून खाली अंकलीपर्यंतचा पट्टा आला. डिग्रजला शहराच्या वरचं पाणी घ्यायचं, मग आयर्विनजवळ, मग शहराचं सांडपाणी आणणारा शेरीनाला मिळतो त्याच्या खाली, मग हरिपूरला वारणेच्या संगमाच्या अलीकडे आणि पलीकडे, आणि शेवटी अंकली.

पाणी घ्यायचं म्हणजे बाटली बुडवून आणायची, असं घरी सगळ्यांना वाटायचं. काठावरचं पाणी चालत नाही, ते साचलेलं असतं. शक्यतो मधल्या धारेतलं, पृष्ठभागाच्या फूटभर खालचं लागतं. आणि आमच्याकडं पाण्यात उतरायची सोय नाही, कारण मगरी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत हे आम्हा काठावरच्या लोकांना नवीन नाही. थंडी सरता सरता त्या मळीवर, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीवर, ऊन खात पडलेल्या दिसतात. म्हणून पुलावरून दोर सोडायचा, नाहीतर नावेतून जायचं. मळीच्या कडेला उकिडवं बसून हात पाण्यात घालायचा नाही, हा सरांचा पहिला नियम होता आणि त्यात कधीच सूट नव्हती.

बाकीचं सामान थर्माकोलच्या खोक्यात. बर्फ, थर्मामीटर, पाण्याची आम्लता मोजायचं पीएच मीटर आणि ते जुळवून घ्यायची बफर द्रावणं, चिकटपट्टी, मार्कर, आणि काचेच्या झाकणाच्या ३०० मिलीच्या बाटल्या. पीएच, तापमान, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते ते) ही कामं झटपट उरकतात, त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सगळा जीव अडकतो तो ऑक्सिजनच्या बाटलीत.

ही बाटली भरताना आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. राहिला तर त्या हवेतला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा वाढतो. भरली की तिथल्या तिथं, काठावरच, दोन द्रावणं घालायची. आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कलाइन आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून. झाकण लावायचं, बाटली उलटीसुलटी करायची आणि थांबायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो आणि सावकाश तळाला बसतो. डिग्रजला तो चांगला गडद यायचा. शेरीनाल्याच्या तोंडाशी पहिल्यांदा बाटली भरली तेव्हा साका पांढराच राहिला. मैत्रिणीनं बाटली पुन्हा हलवली, आम्ही पुन्हा थांबलो. पांढराच. वर्गात शिकलो होतो की पांढरा म्हणजे ऑक्सिजन नाही, पण फळ्यावरचं वाक्य वेगळं आणि आपल्याच गावच्या नदीकाठी हातात धरलेली पांढरी बाटली वेगळी. पुलावरून माणसं बाजाराला निघाली होती. मला त्यातल्या एकेकाला थांबवून ती बाटली दाखवावीशी वाटत होती.

पुढचं काम प्रयोगशाळेत. ॲसिड घातलं की साका विरघळतो आणि पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होतं. त्यातलं २०० मिली घ्यायचं आणि ब्युरेटमधून थेंब थेंब थायोसल्फेट सोडायचं. पिवळा फिका पडला की स्टार्च घालायचा, सगळं निळंशार होतं, आणि मग एका थेंबाला तो निळा रंग नाहीसा होतो. थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल तीव्रतेचं असेल तर हिशोब अगदी सरळ आहे: जितके मिली उतरले, साधारण तितके मिलीग्रॅम ऑक्सिजन एका लिटरमागे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत अंघोळीच्या पाण्याला किमान ५ हवेत, आणि मासे जगायला किमान ४.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. सुरुवातीला आम्ही सगळ्यांसारखेच तासिका उरकून निघायचो. आयर्विनच्या खाली पोचेपर्यंत दुपार झालेली असायची. आकडे बरे यायचे. बंधाऱ्यामागं पाणी तुंबलेलं, हिरवट, काठाला जलपर्णी, थोडा वास, आणि ऑक्सिजन मात्र झकास. तीसेक अंश तापमानाच्या पाण्यात साडेसात मिलीग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन मावतो, आणि आमचा आकडा कधीकधी त्याच्याही वर जायचा. कागदावर नदी ठणठणीत होती. डोळ्यांना तसं दिसत नव्हतं.

आम्हाला नावेतून नेणारे एक नाना होते, आयुष्य मासेमारीत गेलेलं. आमची ही सगळी खटपट ते रोज बघायचे. एकदा म्हणाले, “पोरी, ह्या टायमाला नदी बरीच असती. पहाटं ये, तांबडं फुटायच्या आत. मासं वर येऊन तोंड वासत्यात बघ.”

पुस्तकात हेच लिहिलेलं आहे. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन तयार करतं, म्हणून दुपारी तो भरपूर असतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरतं. शिवाय मैलापाण्यावर वाढणारे जिवाणू दिवसरात्र ऑक्सिजन खात असतातच. म्हणजे सूर्य उगवायच्या आधीची वेळ ही पाण्यासाठी सगळ्यात कठीण. पाणी जितकं हिरवं, तितका दुपार आणि पहाट यांतला फरक मोठा. आम्ही हे परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. नानांना ते माशांकडून कळलेलं होतं.

पहाटे जायचं तर माझ्या हॉस्टेलचं दार सहाला उघडायचं. अर्ज केला, सरांची सही आणली, तरी ‘मुलींना एवढ्या लवकर कशाला’ यातच आठवडे गेले. मला याचा अजून राग आहे. नदीची सगळ्यात महत्त्वाची वेळ कुलपामुळं हुकते आणि त्यात कुणाला काही चुकतंय असं वाटत नाही. शेवटी आदल्या रात्री मैत्रिणीकडं मुक्काम करायला लागले. काकू आमच्याआधी उठून चहा ठेवायच्या, आणि मैत्रिणीचे बाबा घाटापर्यंत सोबत यायचे.

पहिल्या पहाटे नानांनी नाव ढकलली तेव्हा नीट दिसतही नव्हतं. बाटली भरली, बॅटरीच्या उजेडात द्रावणं घातली. साका आला, पण दुपारी यायचा तसा नाही, फिकट. नाल्याच्या खालच्या अंगाला पाण्यावर बारीक बारीक तोंडं दिसत होती, उघडमीट करणारी. चिलापी. हा चिवट मासा आहे, बाकीचे हरतात तिथं टिकतो, आणि तोही वर आला होता. प्रयोगशाळेत ब्युरेटचा नळ सोडला आणि निळा रंग इतक्या लवकर गेला की मी मैत्रिणीकडं बघितलं. आकडा चारच्या खाली होता. आदल्या दुपारी त्याच जागेवर आम्ही ‘उत्तम’ असा शेरा लिहिलेला होता.

आमच्या तक्त्यात तारखेला रकाना होता, वेळेला नव्हता. सरांना विचारलं तर ते म्हणाले, “वाढव की रकाना. पट्टी घे आणि आख.” मी दोन आखले. एक वेळेचा, आणि दुसरा ‘वरून पाणी सोडलंय का’ याचा. दुसराही तितकाच गरजेचा आहे. उन्हाळ्यात सांगलीची नदी वाहते ती बरीचशी कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर, कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळून खाली येणाऱ्या. तिकडून विसर्ग वाढला की चार दिवसांत इथलं पाणी हलतं, घाण पातळ होते, आकडे सुधारतात. विसर्ग कमी झाला की बंधाऱ्यामागं तेच पाणी शिजत राहतं. वेळ आणि विसर्ग लिहिला नाही तर ऑक्सिजनच्या आकड्यावरून काहीही सिद्ध करता येतं. नदी सुधारली असंही, आणि नदी मेली असंही.

मेच्या मध्याला वळीव झाला. संध्याकाळी विजा, गारा, गावभागात गुडघाभर पाणी. आम्हाला दोघींनाही झोप लागली नाही, कारण महिनोन् महिने गटारांत आणि नाल्यांत साठलेलं सगळं त्या एका पावसात नदीत उतरणार हे माहीत होतं. पहाटे घाटावर गेलो तर पाणी काळपट, वर फेसाचे पट्टे, आणि लोक आमच्याआधीच आलेले, पाट्या-बुट्ट्या घेऊन. मासे काठाला लागलेले होते. चिलापी, कटला, आणि दोन हात लांब एक वाम. काही मेलेले, बरेचसे धापा टाकत. एका आजींनी पाटी भरत आणली होती. मी म्हटलं, “आजी, हे नका खाऊ, नाल्याचं पाणी आलंय.” त्या म्हणाल्या, “जित्तंच घेतलंय गं, मेल्यालं न्हाई उचलत.” मी त्यांना शेजारची बाटली दाखवली. पांढरा साका, आणि या वेळी नाल्याच्या तोंडाशी नव्हे, बरंच खाली, जिथं आजवर नेहमी तपकिरी आला होता. त्यांनी बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि गेल्या. मी त्यांना दोष देत नाही. फुकट मिळालेले मासे टाकून द्यायला सांगणारी मी कोण, आणि तेही एका काचेच्या बाटलीच्या भरवशावर.

आकड्यांपेक्षा लोकांना पटते ती दुसरी बाटली. जिवाणू तपासायची साधी एचटूएस बाटली असते, तिच्यात पाणी भरून उबेला ठेवलं की मैलापाणी मिसळलेलं असेल तर एकदोन दिवसांत आतलं काळंकुट्ट होतं. आम्ही घाटावर धुणं धुवायला येणाऱ्या बायकांसमोर पाणी भरलं आणि काळी झालेली बाटली परत त्यांनाच आणून दाखवली. त्या वेळी पहिल्यांदा प्रश्न आले. हे कुठनं येतंय, कधीपासनं, बंद कधी होणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आमच्याकडं होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम उन्हाळी सुट्टीच्या सोयीनं होऊ नये. सरकारी यंत्रणेचे नमुनेही साधारण महिन्याला एक असे घेतले जातात, आणि माणसं कामाच्या वेळेत काम करतात, त्यात गैर काही नाही. पण मासे मरतात ते वळवाच्या दुसऱ्या पहाटे. आमचं काम ३१ मेला थांबतं, आणि जूनच्या पहिल्या पावसात, नदी खऱ्या अर्थानं ढवळून निघते तेव्हा, काठावर कुणीच नसतं. निदान जूनचे पहिले दोन आठवडे तरी जोडावेत, असा अर्ज आम्ही दिला आहे. सरांनी सही केली आहे, पुढची सही बाकी आहे.

पुढच्या फेब्रुवारीत ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी: रजिस्टर सरांच्या कपाटात डावीकडच्या खणात आहे, निळ्या पुठ्ठ्याचं, दोन रकाने हाताने आखलेले. अझाइडचं उरलेलं द्रावण विषारी असतं, ते नदीत ओतायचं नाही, कॅनमध्ये परत आणायचं. पहाटेच्या बाटल्या थेट उजेडात ठेवू नका. नानांना आदल्या दिवशी संध्याकाळी सांगावं लागतं, ते सकाळी फोन उचलत नाहीत. आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलींनी परवानगीचा अर्ज जानेवारीतच टाका.