साबणाच्या पापुद्र्यावरचं काळं

मे महिन्यात धुळ्याहून भाची आली होती, बारावीची. ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. चाळीसगावच्या आमच्या घरात मागची खोली तेवढी अंधारी. तिथे काळा कपडा टांगला, तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून उभं धरलं. आधी गुलाबी-हिरवे आडवे पट्टे खाली सरकत गेले. मग वरच्या कडेला काळं पडलं.

"मावशी, हाई काय शे? फुटनं का?"

फुटलं नव्हतं. पापुद्रा जागेवरच होता, पण तिथून प्रकाश परतच येत नव्हता.

साबणाच्या पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात किती पट मंदावतो तो आकडा, साधारण १.३३. त्यामुळे प्रत्येक पृष्ठभाग जवळपास २ टक्के प्रकाश माघारी पाठवतो. तिने वहीत तीव्रतांची, म्हणजे उजेडाच्या टक्क्यांची, बेरीज केली: ९६ टक्के पार. जाडी कितीही घ्या, ९६च. मग रंग कुठून आले? बीएस्सीला मीही इथेच अडकले होते. फळ्यावरून कोसाइनची तीन पानं उतरवून घेतली, समजलं काहीच नाही.

तिला म्हटलं, तरंगाला बाण समज. लांबी म्हणजे आयाम, तरंगाची उंची; दिशा म्हणजे कला, तरंग आपल्या फेऱ्यात कुठवर आलाय ते. पहिला बाण सरळ पार गेला, लांबी ०.९८. दुसरा आत दोनदा आपटून निघाला: लांबी पहिल्याच्या ०.०२ पट, शिवाय आतल्या फेरीमुळे थोडा वळलेला. वळणं म्हणजे एका संमिश्र संख्येने (−१चं वर्गमूळ सामावून घेणाऱ्या संख्येने) गुणणं, तिला 'ग' म्हणू. पुढचा प्रत्येक बाण आधीच्याच्या ०.०२ग पट. ही तर अकरावीची गुणोत्तर श्रेढी! बेरीज एका ओळीत: ०.९८ भागिले (१ − ०.०२ग). तीव्रता म्हणजे लांबीचा वर्ग; पण आधी बाणांची बेरीज, वर्ग सगळ्यात शेवटी. ग किती वळेल ते जाडी आणि तरंगलांबी ठरवतात. अर्धा फेरा वळला, म्हणजे ग = −१, की ९२ टक्केच पार, उरलेले ८ परत. पूर्ण फेऱ्याला शंभर. रंग इथून येतात.

ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कशाचा वर्गच नसते, असं भास्कराचार्यांनी बीजगणितात लिहून ठेवलंय. त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख इथून जवळच, पाटणला आहे. संख्यारेषेवर त्यांचं म्हणणं अगदी खरं. पण रेषा सोडून वळता आलं, तर दोन काटकोन वळलं की −१ होतंच. मला हे फार सुंदर वाटतं.

"आणि काळं?" तिने विचारलं.

वरचं पाणी ओघळून पापुद्रा इतका पातळ होतो की बाणाला वळायला अंतरच उरत नाही. तिने ग च्या जागी १ लिहिला. वर ०.९८, खाली ०.९८. वही तशीच उघडी टाकून ती पुन्हा कडं बुडवायला गेली.